मुलाच्या नांवाचा पैसा

लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागांत राहणारे जॉन सेरॅनो नांवाचे एक गृहस्थ एकदां आपल्या मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटावयास गेले. मुलाला चांगलें शिक्षण मिळावें अशी इच्छा असेल तर बिऱ्हाड हलवा आणि दुसऱ्या भागांत राहावयास जा, असा सल्ला मुख्याध्यापकांनीं त्यांस दिला, असें सांगतात. सल्ला कदाचित् सद्भावनेनेंच दिला असेल. परंतु जिच्याकरितां प्रत्येक नागरिक कर भरतो ती सार्वजनिक शाळा एका रस्त्याच्या अलीकडे वाईट आणि पलीकडे चांगली कां असावी, हा प्रश्न सेरॅनो यांच्या मनांतून जाईना. तो प्रश्न पुढें कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ३० ऑगस्ट १९७१ रोजीं त्या न्यायालयानें दिलेल्या निकालामुळें अमेरिकेंतील शाळांच्या पैशाची चर्चा नव्या पायावर उभी राहिली. ती अजून संपलेली नाहीं.

ही चर्चा समजावयाची तर तेथील 'शाळा-जिल्हा' ही काय वस्तु आहे हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. महाराष्ट्रांतील श्रोत्याच्या डोळ्यांपुढें जिल्हा म्हटला कीं कलेक्टर कचेरी उभी राहते. तेथील जिल्हा परिषद शाळा चालविते हें खरें, परंतु तिला रस्ते, पाणी, दवाखाने हींहि कामें पाहावीं लागतात. अमेरिकेंतील शाळा-जिल्हा निराळा. त्याचें काम एकच, आणि तें म्हणजे शाळा चालविणें. त्याची हद्द शहराच्या किंवा कौंटीच्या हद्दीशीं जुळतेच असें नाहीं. त्याचें मंडळ मतदार निवडून देतात. हें मंडळ सुपरिंटेंडेंट नेमतें, शिक्षकांच्या संघाशीं पगाराचा करार करतें आणि अंदाजपत्रक मंजूर करतें. एकट्या कॅलिफोर्नियांत असे ९०० हून अधिक जिल्हे आहेत. लॉस एंजेलिसच्या जिल्ह्यांतील मुलांची संख्या लाखांनीं मोजावी लागते, तर डोंगराळ भागांतील कांहीं जिल्हे असे आहेत कीं त्यांचीं सारीं मुलें एका खोलींत मावतील.

ह्या जिल्ह्यांचा कारभार पूर्वीं मुख्यतः मालमत्तेवरील कराच्या, म्हणजे घरपट्टीच्या जातीच्या कराच्या आधारावर चाले. सेरॅनो यांचा खटला उभा राहिला त्या काळीं शाळांच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग स्थानिक करांतून येई आणि सुमारें एक-तृतीयांश राज्याकडून. ह्याचा परिणाम काय होई तो न्यायालयापुढें आलेल्या दोन जिल्ह्यांच्या आंकड्यांवरून दिसतो. १९६८-६९ सालीं बाल्डविन पार्क ह्या साध्या वस्तींत दर मुलामागें करपात्र मालमत्ता ३,७०६ डॉलरांची होती, तर बेव्हर्ली हिल्स ह्या धनिकांच्या वस्तींत ती ५०,८८५ डॉलरांची होती. दोन्ही ठिकाणें एकाच कौंटींतलीं. बाल्डविन पार्कच्या लोकांनीं शंभर डॉलरांच्या मालमत्तेवर ५ डॉलर ४८ सेंट कर भरला, आणि त्यांच्या दर मुलावर वर्षाला सुमारें ५७७ डॉलर खर्च झाले. बेव्हर्ली हिल्सच्या लोकांनीं शंभरांमागें २ डॉलर ३८ सेंट भरले, आणि त्यांच्या मुलावर सुमारें १,२३२ डॉलर खर्च झाले. गरिबांनीं दुपटीहून अधिक दरानें कर द्यावा आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला निम्म्याहून कमी यावें, असा हा हिशेब होता. त्यांत कोणाची लबाडी नव्हती. कायदाच तसा होता.

मुलाच्या शिक्षणाचा दर्जा त्याच्या आईबापांच्या आणि शेजाऱ्यांच्या संपत्तीवर अवलंबून ठेवणें हा पक्षपात होय, असें कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानें ठरविलें. दोनच वर्षांनीं, १९७३ सालीं, टेक्सस राज्यांतील सॅन अँटोनिओ येथील अशाच एका खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं उलट निकाल दिला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेनें दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असें त्या न्यायालयाचें म्हणणें पडलें. तेव्हां कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानें १९७६ सालीं आपल्याच राज्याच्या घटनेचा आधार घेऊन पूर्वीचा निकाल कायम केला. संपत्तीमुळें पडणारी जिल्ह्याजिल्ह्यांतील तफावत दर मुलामागें १०० डॉलरांच्या आंत आणावी, असा दंडक पडला.

इतक्यांत दुसरीकडून वादळ आलें. घरांच्या किंमती भराभर चढत होत्या, त्यांबरोबर करहि चढत होता, आणि कर भरण्यासाठीं म्हातारपणीं घरच विकावें लागेल ह्या भीतीनें साधे घरमालकहि हवालदिल झाले होते. जून १९७८ मध्यें 'प्रस्ताव १३' सुमारें ६५ टक्के मतांनीं मंजूर झाला. कर मालमत्तेच्या आकारलेल्या किंमतीच्या एक टक्क्याहून अधिक असूं नये, आणि घराचा मालक बदलेपर्यंत ती किंमतहि वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवूं नये, असें ह्या प्रस्तावानें राज्यघटनेंतच लिहून ठेविलें. घरमालक सुटला. शाळांचा स्वतःचा झरा मात्र आटला, आणि जिल्ह्यांस सॅक्रामेंटो ह्या राजधानीकडे तोंड करून बसावें लागलें. १९८८ सालीं दुसऱ्या एका प्रस्तावानें राज्याच्या उत्पन्नांतील किमान हिस्सा शाळांस बांधून दिला. तो सामान्यतः राज्याच्या सर्वसाधारण निधीच्या ४० टक्क्यांच्या आसपास असतो.

पैसा राजधानींतून येऊं लागला तसे हुकूमहि राजधानींतून येऊं लागले. विधिमंडळानें शाळांच्या पैशाचे लहानमोठे कित्येक डबे केले आणि प्रत्येक डब्यावर नांव लिहिलें. हा पुस्तकांचा, हा खालच्या वर्गांतील मुलांची गर्दी कमी करण्याचा, हा विशेष हुशार मुलांचा, हा इंग्रजी न येणाऱ्या मुलांचा, हा शाळेच्या सुरक्षिततेचा. एका डब्यांतील पैसा दुसऱ्या कामाला लावावयाचा नाहीं, आणि प्रत्येक डब्याचा हिशेब स्वतंत्र ठेवावयाचा. छप्पर गळत असलें तरी पुस्तकांच्या डब्याला हात लावतां येत नसे. ही व्यवस्था हास्यास्पद होती ह्यांत शंका नाहीं, पण तिच्यांत एक गुण होता: कोणत्या मुलाच्या नांवानें आलेला पैसा कोठें गेला हें निदान विचारतां येई. २००८ सालच्या आर्थिक मंदीनंतर राज्याजवळ द्यावयास पुरेसा पैसा उरला नाहीं, तेव्हां २००९ मध्यें सुमारें ४० डब्यांचीं कुलुपें एकदम काढलीं. असलेला पैसा हवा तेथें वापरा, असें जिल्ह्यांस सांगण्यांत आलें. तंगीच्या दिवसांत दिलेली ही मोकळीक जिल्ह्यांच्या अंगवळणीं पडली.

गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनीं १ जुलै २०१३ रोजीं ज्या कायद्यावर सही केली त्यानें ही मोकळीक कायम केली, आणि तिच्याबरोबर एक नवें तत्त्व आणलें. ज्यांची परिस्थिति सारखी नाहीं अशा मुलांना सारखेंच देणें हा न्याय नव्हे, असें ब्राऊन यांनीं त्या वर्षाच्या आरंभीं विधिमंडळापुढें सांगितलें होतें. सेरॅनो यांच्या खटल्यानें सर्वांस सारखें मागितलें. ब्राऊन यांच्या कायद्यानें गरजवंतास अधिक देऊं केलें. ही मजल लहान नव्हे.

ह्या कायद्याचें सूत्र तीन थरांचें आहे. पहिला थर मूळ अनुदानाचा. मुलांच्या दैनिक हजेरीच्या सरासरीवर इयत्तेप्रमाणें दर ठरलेला. कायद्यांत लिहिलेला आरंभींचा दर सर्वांत खालच्या इयत्तांस दर मुलामागें वर्षाला ६,८४५ डॉलर होता आणि हायस्कुलाच्या इयत्तांस ८,२८९ डॉलर. पुढें महागाईबरोबर तो वाढत गेला. दुसरा थर पुरवणी अनुदानाचा. गरीब घरचीं मुलें, इंग्रजी शिकत असलेलीं मुलें, आणि आईबापांपासून दूर सरकारी देखरेखीखालीं परक्या कुटुंबांत वाढणारीं मुलें, ह्या तीन प्रकारच्या मुलांमागें मूळ दराच्या २० टक्के रक्कम अधिक मिळते. एक मूल गरीबहि असलें आणि इंग्रजीहि शिकत असलें तरी तें एकदांच मोजलें जातें. तिसरा थर दाटीच्या अनुदानाचा. ज्या जिल्ह्यांत अशीं मुलें शेंकडा ५५ हून अधिक आहेत त्यास, ५५ च्या वरच्या प्रत्येक मुलामागें, आरंभीं मूळ दराच्या ५० टक्के आणि २०२१ पासून ६५ टक्के रक्कम आणखी मिळूं लागली. गरिबी विखुरलेली असते तेव्हां तिचें ओझें एक असतें आणि एकवटलेली असते तेव्हां दुसरें असतें, ही गोष्ट कायद्यानें अशा रीतीनें पैशांत मांडली.

उदाहरणासाठीं समजा कीं एका जिल्ह्यांत १०,००० मुलें आहेत, मूळ दर ८,००० डॉलर आहे, आणि ८,००० मुलें ह्या तीन प्रकारांत मोडतात. मूळ अनुदान ८ कोटी डॉलर झालें. पुरवणी अनुदान त्याच्या १६ टक्के, म्हणजे १ कोटी २८ लाख. ५५ च्या वर शेंकडा २५ मुलें, म्हणून दाटीचें अनुदान सव्वासोळा टक्के, म्हणजे १ कोटी ३० लाख. एकूण अधिक पैसा २ कोटी ५८ लाख. गरजू मुलामागें ३,२२५ डॉलर. आतां शेजारच्या तेवढ्याच मोठ्या जिल्ह्यांत अशीं मुलें ४,००० असतील तर तेथें दाटीचें अनुदान मुळींच नाहीं, आणि त्या जिल्ह्यांतील गरीब मुलामागें १,६०० डॉलरच अधिक येतात. मूल तितकेंच गरीब, पण त्याच्या नांवाची रक्कम निम्मी. सूत्र मुलाला पाहत नाहीं, जिल्ह्याला पाहतें. ह्याच ठिकाणीं पुढच्या साऱ्या वादाचें मूळ आहे.

हजेरीचाहि एक चमत्कार आहे. पटावरील मुलांऐवजीं हजर मुलांवर पैसा देणाऱ्या अमेरिकेंतील थोड्या राज्यांपैकीं कॅलिफोर्निया एक होय. मुलांनीं शाळेंत यावें म्हणून जिल्ह्यांनीं खटपट करावी, असा त्यांतील हेतु. परंतु दम्यानें आजारी पडणारें, धाकट्या भावंडाला सांभाळावें लागणारें, वर्षांतून दोनदां बिऱ्हाड बदलणारें मूल बहुधा गरीबाच्याच घरचें असतें. तें घरीं राहिलें तरी त्याच्या वर्गाचा दिवा आणि शिक्षकाचा पगार चालूच असतो. एका हातानें दिलेलें थोडेंसें दुसऱ्या हातानें परत घेतलें जातें. उलट पालो आल्टोसारखे कांहीं श्रीमंत जिल्हे ह्या सूत्राच्या जवळजवळ बाहेर आहेत. त्यांचा स्थानिक करच सूत्रानें ठरणाऱ्या रकमेहून अधिक येतो, आणि वरची रक्कम त्यांस ठेवून घेतां येते. सेरॅनो यांनीं ज्या असमतेविरुद्ध दावा लावला तिचा अवशेष असा अजून शिल्लक आहे.

राज्याचा पैसा जिल्ह्याच्या खजिन्यांत आला. आतां जिल्हा तो कशावर खर्च करतो? ह्याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें: पगारावर. अंदाजपत्रकाचा सुमारें चार-पंचमांश भाग पगार, विमा आणि पेन्शन ह्यांत जातो, आणि शाळा म्हणजे शेवटीं माणसेंच असल्यामुळें त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र जिल्हा आपल्या शाळांस सामान्यतः पैसे वांटीत नाहीं, माणसें वांटतो. इतक्या मुलांमागें एक शिक्षक, इतक्यांमागें एक उपमुख्याध्यापक. कागदावर प्रत्येक शाळेला सारखेंच मिळतें. शिक्षकाचा पगार मात्र नोकरीच्या वर्षांवर आणि पदव्यांवर ठरतो. समजा, टेकडीवरील शाळेंत २० अनुभवी शिक्षक आहेत आणि प्रत्येकास वर्षाला १ लाख डॉलर मिळतात. रेल्वेलाइनीशेजारच्या शाळेंतहि २० शिक्षक आहेत, पण ते बहुतेक नवखे असून प्रत्येकाचा पगार ६५,००० डॉलर आहे. पहिल्या शाळेवर २० लाख खर्च झाले, दुसरीवर १३ लाख. नवखा शिक्षक चार वर्षें हात बसवितो, आणि जागा मोकळी होतांच टेकडीवर जातो. त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. त्यालाहि घर आहे, मुलें आहेत, आणि कॅलिफोर्नियांत घराचें भाडें जिवावर येतें. परंतु ज्या मुलांच्या गरिबीमुळें जिल्ह्याला अधिक पैसा मिळाला त्यांच्याच शाळेवर कमी खर्च होऊं शकतो, आणि तो कमी होत आहे हें कोणत्याहि तक्त्यांत दिसत नाहीं. १९६८ सालीं दोन जिल्ह्यांत जें दिसलें तेंच येथें एका जिल्ह्याच्या पोटांत घडतें. २०१५ सालच्या संघराज्याच्या एका कायद्यानें प्रत्येक शाळेवर दर मुलामागें खऱ्या पगारांसह किती खर्च झाला हें जाहीर करणें राज्यांस भाग पाडलें, तेव्हां कोठें हे आंकडे उजेडांत येऊं लागले.

जिल्ह्यांवर इतर बोजेहि आहेत, आणि त्यांची जाणीव न ठेवतां मंडळांस बोल लावणें अन्यायाचें होईल. शिक्षकांच्या पेन्शन-निधींत मोठी तूट पडली होती, म्हणून २०१४ च्या कायद्यानें जिल्ह्यांनीं भरावयाचा हिस्सा टप्प्याटप्प्यानें वाढविला. पगाराच्या सव्वाआठ टक्क्यांवरून तो २०२२-२३ पर्यंत १९.१ टक्क्यांवर गेला. ह्या पैशांतून एकहि वर्ग वाढत नाहीं, एकहि पुस्तक येत नाहीं. तें जुनें देणें आहे. अपंग मुलांच्या विशेष शिक्षणाचेंहि तसेंच. तें देणें हें जिल्ह्यांचें कायदेशीर कर्तव्य आहे, आणि योग्यच कर्तव्य आहे. १९७५ सालीं तो कायदा करतांना संघराज्यानें दर मुलामागील सरासरी राष्ट्रीय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देण्याची तयारी कायद्यांत लिहिली, पण तितकी मदत कधींच दिली नाहीं. राहिलेला भार राज्य आणि जिल्हे उचलतात.

अशा ओढाताणींत जो पैसा मोकळा दिसतो तिकडे हात जावा हें स्वाभाविक आहे, आणि मोकळा दिसणारा पैसा म्हणजे गरजू मुलांच्या नांवानें आलेलें पुरवणी व दाटीचें अनुदान. कायदा असें सांगतो कीं जिल्ह्यानें त्या मुलांकरितां सेवा त्या रकमेच्या प्रमाणांत वाढवाव्या किंवा सुधाराव्या. आतां सेवा सुधारली म्हणजे काय? सर्व शिक्षकांचा पगार सरसकट वाढविला तर ती गरीब मुलांची सेवा होईल काय? एप्रिल २०१५ मध्यें राज्याच्या शिक्षण खात्यांतील एका अधिकाऱ्यानें लिहून कळविलें कीं सामान्यतः होणार नाहीं. दोन महिन्यांतच राज्याचे शिक्षणप्रमुख टॉम टॉर्लकसन यांनीं तें पत्र मागें सारून दुसरें लिहिलें: पगारवाढीमुळें चांगले शिक्षक येतात आणि टिकतात, व त्याचा लाभ त्या मुलांस होतो, असें जिल्ह्यानें दाखवून दिलें तर तीहि चालेल. दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि म्हणूनच तीं धोक्याचीं आहेत. पगार कमी म्हणून गरिबांच्या शाळेंतले शिक्षक टिकत नाहींत हें खरें. पण सरसकट वाढ टेकडीवरच्या शाळेलाहि तितकीच जाते हेंहि खरें.

त्याच वर्षीं लॉस एंजेलिस येथील जिल्ह्यावर पालक आणि नागरिकांच्या संघटनेनें दावा लावला. विशेष शिक्षणावर पूर्वींपासून होणारा खर्च गरजू मुलांवरील वाढीव खर्चांत मोजून जिल्ह्यानें आपला आंकडा फुगविला, असा आक्षेप होता. जुन्याच खर्चावर नवें नांव घातलें तर मुलांना नवें कांहींच मिळत नाहीं, हें सांगावयास मोठें कायदेज्ञान नको. २०१७ सालीं तडजोड झाली आणि १५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम तीन वर्षांत ५० शाळांवर खर्च करण्याचें ठरलें. तेथें शाळांचीं नांवें ठरवून पैसा दिला गेला.

अधिक मोठें भोंक मात्र वेगळ्याच ठिकाणीं होतें, आणि तें राज्याच्या हिशेबतपासनिसांनीं नोव्हेंबर २०१९ च्या अहवालांत दाखवून दिलें. वरच्या उदाहरणांतील जिल्हा पुन्हां घ्यावा. त्याला गरजू मुलांच्या नांवानें २ कोटी ५८ लाख मिळाले. त्यानें वर्षभरांत २ कोटी खर्च केले आणि ५८ लाख उरले. पुढच्या वर्षीं ह्या ५८ लाखांवरील मुलांचें नांव पुसलें जाई. ती सर्वसाधारण शिल्लक होऊन कोणत्याहि कामाला वापरतां येई. कोणी कांहीं लपविलें नाहीं, कोणी नियम मोडला नाहीं. वर्ष संपलें, इतकेंच. म्हणजे जो जिल्हा मुलांसाठीं खर्च करण्यांत दिरंगाई करी त्यालाच पैशाची मोकळीक अधिक मिळे. हिशेबाच्या वह्या नीट ठेवूनहि हेतु कसा बुडूं शकतो ह्याचें याहून चोख उदाहरण मिळणें कठीण.

त्यानंतर २०२१ च्या कायद्यानें हें भोंक बुजविलें. न झालेला खर्च पुढील वर्षीं ओढावा, त्याचा आंकडा व टक्केवारी निराळी दाखवावी, आणि तो त्याच मुलांसाठीं करावा, असा नियम झाला. त्याच वर्षीं दाटीच्या अनुदानांत जी वाढ झाली ती रक्कम अशीं मुलें शेंकडा ५५ हून अधिक असलेल्या शाळांत प्रत्यक्ष मुलांशीं काम करणारीं माणसें वाढविण्यासाठींच वापरावी, अशीहि अट घातली गेली. पूर्वींचे डबे मोडून टाकल्यावर आठच वर्षांनीं एक लहानसा डबा परत आला, असें कोणी म्हटल्यास तें खोटें ठरणार नाहीं.

मग ह्या सर्व व्यवस्थेनें मुलांचें कल्याण झालें कीं नाहीं? झालें, पण पूर्ण झालें नाहीं. बर्कली येथील अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनीं केलेल्या अभ्यासांत, ज्या जिल्ह्यांत नव्या सूत्रामुळें खर्च वाढला तेथें हायस्कूल पुरें करणाऱ्या मुलांचें प्रमाणहि वाढलें असें दिसून आलें. पैशानें कांहीं होत नाहीं असें म्हणणारांस हें उत्तर पुरेसें आहे. परंतु कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक धोरण संस्थेनें २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, गरजू मुलांमुळें जिल्ह्याला मिळालेल्या प्रत्येक अधिक डॉलरांतील सुमारें ५५ सेंटच त्या मुलांच्या शाळांवरील खर्चांत उतरतात. बाकीचे साऱ्या जिल्ह्यांत पसरतात. चोरी नव्हे, अपहार नव्हे. वांटणींतला हा पाझर आहे.

२०२३ सालीं राज्यानें आणखी एक पाऊल टाकलें. वर्षाला ३० कोटी डॉलरांची एक नवी रक्कम बाजूला काढली, आणि ती जिल्ह्यांकडे पाठवितांनाच शाळा निवडून दिल्या: जेथें ७० टक्क्यांहून अधिक मुलें गरीब आहेत आणि ज्या शाळेंतील चतुर्थांशाहून अधिक मुलें वर्षाच्या मध्यें शाळा सोडून जातात किंवा बदलतात, अशाच त्या शाळा. पैसा त्याच शाळांत खर्च झाला पाहिजे.

प्रत्येक जिल्ह्याला दरसाल १ जुलैपूर्वीं एक आराखडा मंजूर करावा लागतो. पालकांच्या समितीला तो दाखवावा लागतो, एका सभेंत लोकांचें म्हणणें ऐकावें लागतें, आणि मंजुरी त्याच दिवशीं न देतां पुढच्या सभेंत द्यावी लागते. मग कौंटीचें शिक्षण कार्यालय तो तपासतें. हे आराखडे पुष्कळदां शेंकडों पानांचे असतात, आणि दिवसभर काम करून संध्याकाळीं सभेला आलेल्या आईनें तो वाचून यावें ही अपेक्षा फारशी खरी नव्हे. परंतु त्याच्या शेवटच्या भागांत आतां थोडे आंकडे ठरलेल्या जागीं सांपडतात: गरजू मुलांच्या नांवानें यंदा किती डॉलर येणार, त्यामुळें सेवा किती टक्क्यांनीं वाढल्या पाहिजेत, आणि गेल्या वर्षींचे किती डॉलर न खर्चतां पुढें आले. हा तिसरा आंकडा २०२२ पूर्वींच्या आराखड्यांत नव्हता. जून महिन्यांत एखाद्या शाळेच्या सभागृहांत, घड्याळ लावून दिलेल्या दोन-तीन मिनिटांत, कोणी पालक उठून त्याचबद्दल विचारूं शकतो, आणि मंडळाच्या अध्यक्षांना पान उलटून पाहावें लागतें.